कोथिंबिरीवरची मादी

पूर्णिमा मुळ्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती इंदूरजवळच्या राऊ गावातल्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये, पहिला तास संपवून आल्या आल्या. एका हातात चहा होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर एका माशीचा फोटो. फोटो तिच्याच वडिलांनी काढलेला. त्याच्याखाली अप्पासाहेब बक्षींनी माशीचं नाव लिहिलं होतं आणि ते सपशेल चूक होतं. चुकण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. माश्या ओळखताना चुकायचा हक्क सगळ्यांनाच आहे, ती स्वतः हजारदा चुकली होती. तिला राग आला तो त्या नावाखाली लागलेल्या रांगेचा. सहमत, सहमत, सहमत. वीसेक माणसं ओळीने, हात जोडून उभी असल्यासारखी. आणि त्या रांगेत एक नाव होतं लक्ष्मीकांत मुळ्ये. म्हणजे बाबा.

चहा तसाच टेबलावर ठेवून ती व्हरांड्यात आली. तिथे उभं राहून तिने तो फोटो पुन्हा पाहिला, जणू दुसऱ्यांदा पाहिल्यावर बाबांचं नाव तिथून जाणार होतं.

ही माशी म्हणजे घरात चहाच्या कपावर बसते ती नव्हे. ही हॉवरफ्लाय. अंगावर काळेपिवळे पट्टे, लांबून बघावं तर गांधीलमाशी. पण डंख नाही, काही नाही, सगळी नुसती बतावणी. फुलासमोर हवेत एका जागी अधांतरी थांबते आणि तुम्ही कॅमेरा नीट धरेपर्यंत हात दीड हात बाजूला सरकलेली असते. इंदूरबाहेर सांवेरकडच्या शेतांत बियाण्यासाठी सोडलेली कोथिंबीर पांढऱ्या फुलांवर आली की तिथे ह्यांची जत्रा भरते. ह्यांच्या अळ्या पिकावरचा मावा खातात, त्यामुळे निदान पूर्णिमाच्या मते तरी ह्या माश्यांना माणसाने मान द्यायला हरकत नाही. अडचण एकच. काळेपिवळे पट्टे घालून फिरणाऱ्या ह्यांच्या इतक्या जाती आहेत, आणि एकमेकींसारख्या इतक्या, की फोटोवरून नाव सांगायचं तर डोळे फुटेस्तोवर बघावं लागतं. पूर्णिमा बघत असे. कॉलेजातल्या कायम न होणाऱ्या नोकरीपेक्षा तिचा जीव ह्या माश्यांत जास्त होता.

बघणाऱ्यांसाठी एक अ‍ॅप आहे. कुणीही फोटो टाकावा, ज्याला कळतं त्याने नाव सुचवावं, बाकीच्यांनी फोटो तपासून पटलं तर 'सहमत' दाबावं, नाही पटलं तर 'असहमत'. पुरेसे लोक सहमत झाले की नोंद पक्की होते आणि जगभरचे अभ्यासक ती खरी धरून चालतात. नियम सरळ आहे. पण इंदूरच्या हौशी निरीक्षकांच्या ग्रुपात 'सहमत' म्हणजे नमस्कार होता. अप्पासाहेबांनी नाव लिहिलं की ज्याने त्याने जाऊन सहमत दाबायचं, जसं लग्नात थोरांच्या पाया पडायचं. नेट मंद असलं तर फोटो उघडायच्या आत नमस्कार होऊन गेलेला असे.

अप्पासाहेब लबाड नव्हते, हेही सांगायला पाहिजे. वनाधिकारी म्हणून जंगलात जन्म गेलेला. पक्ष्यांत त्यांचा शब्द खरोखरच शेवटचा. झाडीत कुठे शेपटी हलली तरी ते नाव सांगत आणि ते बरोबर निघे. अर्ध्या ग्रुपाला दुर्बीण कशी धरायची ते त्यांनी शिकवलं होतं, बाबांनाही. फक्त पक्षी संपून माश्या सुरू झाल्या तिथे आपलं ज्ञान संपतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? सगळे वाकलेले.

ह्या फोटोतल्या माशीवर पूर्णिमाने तो आला त्याच दिवशी लिहिलं होतं: आपली नेहमीची, शेतोशेती दिसणारी इस्किओडॉन, मादी. कारणंही लिहिली होती. दोन डोळ्यांमध्ये फट आहे, म्हणजे मादी. नराचे डोळे वर एकमेकांना चिकटलेले असतात. पाठीच्या कडेला पिवळी रेघ आहे. पट्टे काळपट दिसतात ते थंडीमुळे. कडाक्याच्या थंडीत कोशातून निघालेली माशी गडदच होते. ह्यावर अप्पासाहेबांनी हिमालयाच्या उतारावरच्या कुठल्याशा जातीचं लांबलचक लॅटिन नाव टाकलं आणि खाली लिहिलं, 'पूर्णिमा बेटा, पुस्तकं वाचून माशी कळत नसते. पट्टे पाहा पट्टे. माळव्यातली ही पहिली नोंद.'

पहिली नोंद म्हटल्यावर ग्रुपाला उधाण आलं. ग्रुपाचा सगळा कारभार स्वानंद बघे, सॉफ्टवेअरमधला उत्साही मुलगा. त्याने रविवारचा कार्यक्रम ठरवून टाकला. अप्पासाहेबांचा सत्कार, आणि सोबत छायाचित्रकार लक्ष्मीकांत मुळ्ये यांचा शाल-श्रीफळ देऊन गौरव.

पूर्णिमाने व्हरांड्यातूनच स्वानंदला फोन लावला.

"ताई, तुम्ही बरोबर असाल भी," स्वानंद म्हणाला, "पण आता कार्ड सगळीकडे गेलं ना."

"मग कार्डासाठी माशी बदलायची?"

"तसं नाही हो. मतलब, संडे होऊन जाऊ द्या. मग बघू ना शांतीने. अप्पासाहेबांची उमर बघा."

"स्वानंद, तू सहमत दाबलंयस. फोटो पाहिलास का?"

"पाहिला ना."

"माशी कुठल्या फुलावर बसलीय?"

"सरसों?"

"कोथिंबीर आहे. पांढरी फुलं आहेत, फोटोभर. सरसों पिवळी असते, लहान पोरालाही माहीत आहे." तिने फोन ठेवला आणि तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली, कारण शेजारच्या वर्गातली मुलं दारातून बघत होती.

दुपारी ती अन्नपूर्णा भागातल्या घरी पोचली तेव्हा बाबा पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून कॅमेऱ्याची काच फडक्याने पुसत होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा कॅमेरा घेतला होता, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पँटचे गुडघे कधी स्वच्छ राहिले नव्हते.

"आलीस? चहा टाकू?"

"तुम्ही सहमत दाबलंत."

बाबांनी काच पुसणं थांबवलं नाही. "सगळ्यांनी दाबलं होतं गं. फोटो माझा, आणि मीच नाही दाबलं तर बरं नाही दिसत."

"परवा जेवताना मी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं. डोळ्यांतली फट दाखवली. तुम्ही हो म्हणालात."

"मग? पटलंच होतं मला."

"पटलं होतं आणि तरी त्यांच्या नावाखाली सहमत?"

"बेटा, तू बरोबर आहेस हे मला ठाऊक होतं. म्हणून तर तुझी काळजी नव्हती." बाबा अगदी सहज बोलत होते, भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं. "बरोबर माणसाला काय फरक पडतो? अप्पासाहेबांना लगेच लागतं. त्यांना सांभाळावं लागतं. तू घरची आहेस."

हे तिने जन्मभर ऐकलं होतं. आत्याच्या मुलाला खोलीतला पंखा, कारण तू घरची आहेस. पाहुण्यांना गरम पोळ्या, तुला सकाळच्या, कारण तू समजूतदार आहेस. पण ते पंख्याचं आणि पोळ्यांचं होतं. हे तिचं काम होतं. ह्या एका गोष्टीत तिला काही कळतं, हे जगात निदान एका माणसाला तरी माहीत आहे असं ती धरून चालली होती, आणि ते माहीत असूनच त्या माणसाने तिच्याविरुद्ध बोट दाबलं होतं.

"मला फरक पडतो," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिने तो चढू दिला. "खूप पडतो. बरोबर असलं म्हणून काय माणसाला एकटं सोडून द्यायचं? त्या वीस जणांनी खोडलं त्याचं मला काही नाही. तुम्ही खोडलंत."

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"असू द्या. आणि तुमचा तो फोटो, ज्याच्यासाठी शाल मिळतेय, तो कुणी पाहिलेलासुद्धा नाही. स्वानंदला विचारलं मी, कुठलं फूल. सरसों म्हणाला."

काच पुसणारा हात थांबला. "सरसों?"

"सरसों."

"कोथिंबीर आहे ती." बाबांनी कॅमेरा खाली ठेवला. "चिखलात पालथा पडून होतो मी. कोपर सोलून निघालं. सरसों कुठून आली त्याच्यात?" मघाशी मुलीचं सगळं ऐकून शांत राहिलेला माणूस आता खरा दुखावला होता. पूर्णिमाला त्याचाही राग आला, पण तो तिने बाजूला ठेवला.

"त्या दिवशीचे बाकीचे फोटो दाखवा," ती म्हणाली. "एखाद्यात बाजूने पाय दिसत असतील."

बाबा एकेक फोटो पुढे सरकवू लागले. कोथिंबीर, माशी, कोथिंबीर, धूसर माशी, नुसतीच कोथिंबीर. मग एका फोटोवर त्यांनी झटकन पुढचं बटण दाबलं.

"तो काय होता? मागे घ्या."

"तो नको."

"का नको?"

"तो तसला आहे." बाबांचे कान लाल झाले होते. "जोडी आहे. असले फोटो मी काढतो कधीकधी, समोर असतात म्हणून. पण ग्रुपवर नाही टाकत. तिथे सरलाताई आहेत, कॉलेजच्या पोरी आहेत. चांगलं नाही दिसत."

"बाबा, मी प्राणिशास्त्र शिकवते."

"तुझं वेगळं. ग्रुपचं वेगळं."

तिने त्यांच्या हाताखालून माउस ओढून घेतला आणि फोटो मागे आणला. कोथिंबिरीच्या त्याच दांडीवर तीच माशी होती. डाव्या पंखाची कड तशीच फाटलेली, तेच काळपट पट्टे. आणि तिच्यावर नर. पिवळाधमक, कुठल्याही शेतात दिसावा असा नेहमीचा नर. फोटो बाजूने घेतलेला असल्यामुळे त्याच्या मागच्या पायाच्या बुडाशी असलेला बारीक काटा स्वच्छ दिसत होता. तो काटा ह्या जातीच्या नराची खूण. इथल्या शेतात तो दुसऱ्या कुणाला नसतो. अप्पासाहेबांच्या हिमालयातल्या दुर्मिळ बाईसाहेब सांवेरच्या बांधावर गावातल्याच नवऱ्याबरोबर संसार करत होत्या, आणि बाबांनी सभ्यपणा म्हणून तो पुरावा झाकून ठेवला होता.

पूर्णिमाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिने बोट ठेवून काटा दाखवला.

बाबांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. दोन हिवाळे तिच्यासोबत बसून ते तिच्याइतकंच शिकले होते. "म्हणजे पहिली नोंद वगैरे काही नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग रविवारचं पण राहिलं."

बाबांना आजवर कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं, खात्यातल्या निरोप समारंभालासुद्धा ते दुसऱ्या चौघांबरोबर रांगेत उभे होते. आपण त्यांच्याकडून काय मागतोय हे तिला नीट कळत होतं. कळूनही ते तिला हवं होतं.

"तूच टाक ना तुझ्या नावाने," बाबा म्हणाले.

"फोटो तुमचा आहे. मी टाकला तर म्हणतील पोरगी जिद्दीला पेटली. तुमच्या हाताने टाका."

बाबांनी टाकला. एकेक अक्षर शोधत खाली ओळ लिहिली, 'शास्त्रीय कारणास्तव टाकत आहे, महिला सदस्यांची क्षमा असावी.' मग आपलं आधीचं सहमत काढून घेतलं आणि कॉम्प्युटर बंद करून आत निघून गेले. पूर्णिमाने सुचवलेल्या नावाखाली मात्र त्यांनी काही दाबलं नाही. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा म्हणाले, "फोटो टाकला ना मी? अजून काय पाहिजे? रविवार होऊन जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेबांनी लिहिलं, 'अधिक बारकाईने निरीक्षण करता ही इस्किओडॉनची मादी आहे असे मी जाहीर करतो.' झालं. वीसच्या वीस जण जुनी सहमती सोडून नव्या ओळीखाली येऊन उभे राहिले. 'केवढा मोठेपणा, सर.' 'ह्या वयात चूक मान्य करणं, ग्रेट.' सरलाताईंनी जोडलेले हात पाठवले, जोडीच्या फोटोबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. तेच नाव पूर्णिमाने आधी लिहिलेलं होतं, थोडं वर, कारणांसकट. त्याच्याखाली एकही सहमत नव्हतं. काल जे चूक होतं ते आज अप्पासाहेबांच्या हातून लिहिलं गेल्यामुळे बरोबर झालं होतं.

रविवारचा कार्यक्रमही झाला, रद्द करायला कुणाची जीभ रेटली नाही. नव्या कार्डावर लिहिलं होतं, 'फोटोवरून कीटक कसा ओळखावा: अप्पासाहेबांचे मार्गदर्शन व सत्कार.' छायाचित्रकाराचं नाव गळलं होतं. स्वानंदने फोन करून सांगितलंसुद्धा नाही. बाबांनी तरी ठेवणीतलं जाकीट घातलं.

"घरी बसू या," पूर्णिमा म्हणाली.

"जायला पाहिजे. नाही गेलो तर राग धरला म्हणतील."

"राग आहेच की."

"तुला आहे," बाबा म्हणाले आणि चपला घालू लागले.

अन्नपूर्णा भागातल्याच एका शाळेचा हॉल होता. अप्पासाहेबांना शाल घातली गेली, नारळ दिला गेला, मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर बाबांचा फोटो आला, तो जोडीचा, भिंतीएवढा मोठा. फोटो कुणाचा हे त्यावर कुठेही नव्हतं. अप्पासाहेब हातात लाल उजेडाची कांडी घेऊन शांतपणे बोलत होते. आवाज चांगला होता त्यांचा, ऐकत राहावा असा.

"पट्ट्यांवर भुलायचं नसतं," ते सांगत होते. "थंडीत मादी गडद होते. मला सुरुवातीपासून शंका होतीच. मग डोळ्यांमधली ही फट माझ्या लक्षात आली, आणि म्हटलं, अरे, ही तर आपली रोजची."

सगळं तिचं होतं. शब्दन् शब्द तिचा, क्रमसुद्धा तिचाच. हॉल टाळ्या वाजवू लागला. उठायचं तिने ठरवलं होतं; काय बोलायचं तेही ठरवलं होतं, आणि त्यातलं काहीच शोभण्यासारखं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेला सरकली, तेवढ्यात बाबांचा हात तिच्या मनगटावर पडला. घट्ट. लहानपणापासून ओळखीचा हात. पाहुण्यांसमोर, शिक्षकांसमोर, आत्यासमोर, तोंड उघडायच्या आत तो असाच येत असे आणि तिला खाली बसवत असे. तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं आणि तिने मनगट हिसकलं.

हात सुटला नाही. उलट त्याच्यावर भार आला. बाबा तिला धरून उठत होते.

"अप्पासाहेब, एक मिनिट," बाबा म्हणाले.

टाळ्या विरळ होत थांबल्या. कुणीतरी दिवा लावला.

"ते तुमच्या लक्षात नव्हतं आलं. पूर्णिमाने सांगितलं होतं ते, फोटो टाकला त्याच दिवशी. फट, थंडी, सगळं. तुम्ही तिला खोडलंत. मीसुद्धा खोडलं. इथल्या सगळ्यांनी खोडलं."

अप्पासाहेब हसले. रागावले नाहीत, थोर माणसं अशा वेळी रागवत नाहीत. "लक्ष्मीकांतराव, बापाचं मन आहे, मी समजू शकतो. पण हे घरचं आहे. घरी बोला."

"घरी बोललो," बाबा म्हणाले. हॉल लहान होता आणि सगळ्यांना ऐकू जात होतं. "घरी मी तिला बरोबरच म्हणत होतो. रोज. बाहेर येऊन तुमची री ओढत होतो. घरी बोलून काय उपयोग? खोडलं तर सगळ्यांसमोर ना."

कोपऱ्यातून स्वानंद लगबगीने पुढे आला. "काका, बसा ना, बसा. चलो सगळे, मागे चाय-पोहे लागलेत, गरम आहेत, बाकीचं नंतर..."

"मला नाही खायचे पोहे. आधी हिचं नाव घ्या."

"काका, अहो, घेऊ ना. नंतर ग्रुपवर टाकतो मी."

"इथे घ्या. त्यांनी घ्यायचं." बाबांनी स्टेजकडे बोट केलं. ते बोट खाली आलं नाही.

अप्पासाहेबांनी कांडी बंद केली, खांद्यावरची शाल सारखी केली आणि टेबलावरचे कागद उगाच एकावर एक ठेवले. पहिल्या रांगेतल्या सरलाताई पदर चाचपत खाली बघू लागल्या. मागे कपबश्यांचा आवाज येत होता, पण उठून मागे जायचं कुणाला सुचत नव्हतं. बाबांनी मनगट सोडून हात पूर्णिमाच्या खांद्यावर ठेवला आणि सगळं वजन त्या हातावर टाकलं. तिचा खांदा दुखायला लागला. ती हलली नाही.